‘हल्ली फार शांत झालाय’

“दादा, आमचा लव्हबर्ड हल्ली फार शांत झालाय. आधी किती कलकलाट करायचा! आता गुपचूप बसून असतो. हातात घेतला तरी चावत नाही.” मागच्या श्रावणात आमच्या मागच्या गल्लीतल्या ताई हे सांगत होत्या, आणि त्यांच्या आवाजात कौतुक होतं. मी पायात चपला सरकवल्या आणि त्यांच्याबरोबर निघालो.

पिंजरा स्वयंपाकघराच्या दाराशी टांगलेला होता. पक्षी दांडीवर नव्हता, खाली जाळीवर कोपऱ्यात बसला होता. पिसं फुगवून गोळा झालेला, डोळे अर्धवट मिटलेले, आणि दर श्वासाला शेपटी वर-खाली होत होती. हातात घेतला तेव्हा छातीचं मधलं हाड सुरीच्या पात्यासारखं बोटाला लागलं. धडधाकट पक्ष्याच्या त्या हाडाला दोन्हीकडून मांस भरलेलं असतं. ओरडायला, चावायला, दांडी धरून बसायला त्याच्या अंगात बळच उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईंनी त्याला डॉक्टरांकडे नेलं. औषधं दोनेक आठवडे चालली आणि तो वाचला. माझा स्वतःचा पहिला पक्षी वाचला नव्हता. तोही असाच एकाएकी ‘माणसाळला’ होता आणि मी तीन दिवस खुशीत होतो. चौथ्या दिवशी सकाळी तो पिंजऱ्याच्या तळाशी पडलेला मिळाला. तेव्हापासून कुणी ‘शांत झालाय’ म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो, आणि हा लेख त्या एका वाक्यासाठी लिहितो आहे.

आधी नावाचा घोळ मिटवू. आपल्याकडे ज्यांना सर्रास लव्हबर्ड म्हणतात ते हिरवे-पिवळे-निळे, पाठीवर काळ्या लाटा असलेले पक्षी म्हणजे बजी, मूळचे ऑस्ट्रेलियातल्या कोरड्या माळरानांवरचे. खरे लव्हबर्ड आफ्रिकेतले. अंगाने आडवे, शेपटी आखूड, चोच जाड. दुकानात दोन्ही एकाच नावाने विकले जातात. डॉक्टरांना फोन करताना मात्र नक्की कोण ते सांगता आलं पाहिजे.

बजी काय, ससा काय, गिनीपिग काय, हे सगळे दुसऱ्याच्या तोंडचा घास होणारे प्राणी. थव्यात किंवा कळपात जो लंगडतो, धापा टाकतो, त्याच्यावरच ससाण्याची किंवा कोल्ह्याची नजर पडते. त्यामुळे दुखणं लपवणं हा त्यांचा जन्मजात स्वभाव आहे. कुत्रा आजारी पडला की कण्हतो, आपल्या पायाशी येऊन बसतो. बजी शेवटच्या दिवसापर्यंत आपण दाणे खातो आहोत असं दाखवतो, नुसती चोच वाटीत हलवत राहतो. आपल्याला तो आजारी ‘दिसतो’ तेव्हा दुखणं बहुधा कित्येक दिवसांचं झालेलं असतं. म्हणून आजाराची लक्षणं पाठ करण्याआधी स्वतःच्या जनावराचा रोजचा दिवस पाठ करा. तो किती वाजता पहिला आवाज देतो, आधी पाणी पितो की दाणे खातो, दुपारी कुठे बसतो, झोपताना कोणता पाय वर घेतो. हे माहीत असलं की बदल आपोआप डोळ्यांत भरतो.

यासाठी एक शंभर पानी वही आणि स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा पुरतो. साधा बजी ३० ते ४० ग्रॅमचा असतो. त्याचे तीन-चार ग्रॅम कमी झाले म्हणजे दहा टक्के वजन गेलं. साठ किलोच्या माणसाचे सहा किलो जावेत तसं. पिसांमुळे डोळ्यांना काहीच कळत नाही, काट्याला कळतं. काट्यावर डबीचं झाकण ठेवा, त्यात दोन दाणे टाका, चार-पाच दिवसांत पक्षी स्वतःहून चढायला लागतो. आठवड्यातून एकदा, सकाळी दाणे द्यायच्या आधी वजन करा. ससा आणि गिनीपिग मोठ्या काट्यावर, पण त्यांचंही आठवड्याला.

वाटीकडे बघताना फुंकर मारायची सवय लावा. बजी राळं सोलून खातो आणि टरफल परत वाटीतच टाकतो. वरून वाटी भरलेली दिसते आणि खाली एक दाणा नसतो. घरचे म्हणतात, “खात नाही वाटतं, कालचं तसंच आहे.” तो उपाशी बसलेला असतो.

शी बघायला लाजू नका. पिंजऱ्यात रोज सकाळी साधा पांढरा कागद घाला. निरोगी बजीच्या शीत तीन भाग असतात: हिरवट वळी, तिच्यावर पांढरा ठिपका आणि भोवती थोडा ओलावा. दिवसाला चाळीस-पन्नास ठिपके पडतात. ते एकदम पंधरावर आले तर पोटात काही जात नाही. पांढरा भाग पिवळा किंवा पोपटी झाला तर यकृताची शंका घ्यावी. काकडी किंवा कोथिंबीर जास्त खाल्ली की नुसतं पाणी वाढतं, त्याची काळजी नको.

आता उलटी बाजू. लोक ज्या गोष्टींना घाबरून माझ्याकडे येतात त्यातल्या निम्म्या अगदी स्वाभाविक असतात. संध्याकाळी झोपायच्या वेळी चोच चोचीवर घासल्याचा करकर आवाज येतो. तो पक्षी मजेत असल्याची खूण आहे. एका पायावर उभं राहणं, मान मागे फिरवून पाठीच्या पिसांत चोच खुपसून झोपणं, दांडी घट्ट धरून जागच्या जागी जोरजोरात पंख मारणं, हे सगळं ठीक. पिसं झडायच्या दिवसांत डोक्यावर पांढरे काटे उगवतात, ती नवी पिसं असतात. तेव्हा स्वारी चिडचिडी होते, आठवडाभर कमी बोलते. खऱ्या लव्हबर्डची मादी कागदाच्या लांब पट्ट्या कातरून शेपटीवरच्या पिसांत खोचते. वेड लागलेलं नसतं, घरट्याचं सामान वाहून नेण्याची तिची ती रीत आहे.

सगळ्यात जास्त गोंधळ उलटीचा होतो. नर मान वर-खाली करत आरशापुढे, घंटेपुढे किंवा जोडीदाराच्या चोचीत दाणे काढतो. तो प्रेमाने भरवतो आहे. खरी उलटी वेगळी दिसते: पक्षी डोकं झटकतो, दाणे इकडेतिकडे उडतात, कपाळावरची पिसं चिकट आणि ओली होतात, आणि नंतर तो मलूल बसतो. कपाळ चिकट दिसलं की त्याच दिवशी डॉक्टर गाठा. आरशाला भरवणं दिवसभर चालू राहिलं, वजन उतरू लागलं, तर आरसा काढून घ्या. एकट्या पक्ष्याला तो आरसा सोबतीसाठी दिलेला असतो हे खरं, पण त्यातला पक्षी कधी उलट भरवत नाही.

मादीबद्दल वेगळं सांगतो, कारण तिला वाचवायला हातात फार थोडा वेळ असतो. ती पिंजऱ्याच्या तळाशी पाय फाकवून बसली, शेपटी दाबत कुंथते आहे, पोटाखाली फुगवटा आहे, तर अंडं अडकलेलं असू शकतं. अशी मादी काही तासांत दगावू शकते. नुसत्या राळ्यावर वाढलेल्या माद्यांना कॅल्शियम कमी पडतं आणि हा प्रसंग येतो. समुद्रफेसाचा तुकडा पिंजऱ्यात कायम टांगलेला असू द्या.

सशाकडे वळू. बोलण्यासारखं इथे फार आहे, कारण सशाइतकं चुकीचं खाणं आपल्या घरांत दुसऱ्या कुणाला मिळत नसेल. चहात बुडवलेली बिस्किटं खाणारा ससा मी आपल्याच उल्हासनगरात पाहिला आहे. चपाती, पाव, कोबी आणि गाजर हा बहुतेकांचा रोजचा मेनू. सशाचं आतडं चालतं ते धाग्याच्या चाऱ्यावर. दिवसभर सुकं गवत त्याच्यासमोर हवं, बाकी सगळं तोंडी लावण्यापुरतं. त्याचे दात आयुष्यभर वाढतात आणि गवत चावूनच झिजतात. हरळी म्हणजेच दूर्वा तो आवडीने खातो, फक्त त्या वालधुनी नदीच्या काठच्या किंवा फवारणी झालेल्या बागेतल्या नकोत.

खुशीतला ससा एकदम हवेत उडी मारून कंबर झटकतो. नवख्या माणसाला झटका आल्यासारखं वाटतं. पळता पळता धपकन कुशीवर पडतो आणि डोळे पांढरे करतो. घरातली मुलं रडायला लागतात आणि तो निवांत झोपलेला असतो. हनुवटी टेबलाच्या पायावर, तुमच्या चपलेवर घासतो, ‘हे माझं’ म्हणून वास लावतो. पहाटे तोंड मागे नेऊन स्वतःच्या मऊ, चिकट, द्राक्षांच्या घोसासारख्या लेंड्या खातो. किळस वाटली तरी थांबवू नका, त्या लेंड्यांतूनच त्याला जीवनसत्त्वं मिळतात. त्या मऊ लेंड्या न खाता तशाच पडू लागल्या तर मात्र खाण्यात गोड आणि पीठ जास्त होतंय, किंवा लठ्ठपणाने त्याला वाकता येत नाही. लघवी कधी केशरी, कधी विटकरी होते. ती पाल्यातल्या रंगामुळे. थेंब थेंब, कुंथत, रक्ताच्या गाठींसह झाली तर गोष्ट वेगळी. मादी अचानक छातीचे केस उपटून कोपऱ्यात घरटं करू लागली आणि नराशी गाठ पडलेलीच नसेल, तर ते खोटं गर्भारपण आहे. दोन-अडीच आठवड्यांत आपोआप सरतं. घरटं मोडू नका.

दातांचा आवाज नीट ऐकायला शिका. डोकं कुरवाळताना येणारी हलकी, बारीक टकटक म्हणजे समाधान. पाठ कमानीसारखी करून, कोपऱ्यात तोंड घालून, करकरा दात खाणारा ससा वेदनेत असतो. पोट जमिनीला दाबून तो पुन्हा पुन्हा जागा बदलतो, आवडीची कोथिंबीर नाकाशी धरली तरी तोंड फिरवतो. ससा दहा-बारा तास खात नसेल आणि लेंड्याही पडत नसतील, तर ‘उद्या बघू’ म्हणू नका, मध्यरात्र असली तरी फोन फिरवा. त्याचं आतडं एकदा थांबलं की आत गॅस धरतो, आणि त्याला उलटी करून मोकळं होता येत नाही. मान एका बाजूला कलली, ससा गोल गोल फिरतोय, लोळतोय, ही कानाच्या किंवा मेंदूच्या आजाराची खूण. तेही थांबण्यासारखं नाही.

हे लक्षात ठेवा, शक्य तर पिंजऱ्यावर चिकटवा: घरात उरलेलं अमॉक्सिसिलिन सशाला किंवा गिनीपिगला तोंडाने कधीही द्यायचं नाही. आपल्याला बरं करणारं हे औषध त्यांच्या आतड्यातले चांगले जिवाणू मारतं आणि जनावर त्यानेच मरतं. मेडिकलवाल्याला बिचाऱ्याला हे माहीत असेलच असं नाही.

गिनीपिगचं थोडक्यात. पिशवीचा आवाज आला की शिट्ट्या मारणं आणि आनंदाने लाह्यांसारखं जागच्या जागी उडणं स्वाभाविक. आपल्यासारखंच त्याचं शरीर क जीवनसत्त्व तयार करू शकत नाही, म्हणून रोज ढोबळी मिरचीचा तुकडा किंवा पेरूची फोड द्या. उडायचं सोडून तो एका जागी बसू लागला, उचलताना किंचाळला, तर सांधे दुखत असतात.

कासवांचं दुःख असं की त्यांना बहुतेक घरांत शोभेसाठी किंवा वास्तूसाठी आणलं जातं आणि काचेच्या वाडग्यात ठेवलं जातं. कानाजवळ लाल पट्टा असलेलं रुपयाएवढं पिल्लू वाढून ताटलीएवढं होतं आणि वीस-तीस वर्षं जगतं. दगडावर चढून मान आणि चारही पाय ताणून ते पडून राहिलं तर ऊन घेतंय. दुसऱ्या कासवाच्या तोंडासमोर पुढची नखं थरथरवत असेल तर नराची आर्जवं चालली आहेत. पाठीवरचे पातळ पापुद्रे निघणं म्हणजे वाढ. पण पोहताना ते एका बाजूला कलत असेल, बुडी मारता येत नसेल, नाकातोंडातून बुडबुडे येत असतील, तर फुप्फुसात पाणी आहे असं समजून धावा. डोळे सुजून बंद झाले असतील तर बहुधा अ जीवनसत्त्व कमी पडतंय. नुसत्या सुक्या झिंग्यांवर ठेवलेल्या कासवांत हे हमखास दिसतं. पाठ बोटाने दाबली जाते आहे, तर कॅल्शियम आणि ऊन दोन्ही नाही. खिडकीच्या काचेतून येणाऱ्या उन्हाचा इथे उपयोग नाही, त्याला लागणारे किरण काचेतून आत येत नाहीत. गॅलरीत, अर्धी सावली ठेवून, सकाळचं थेट ऊन द्या. आणि कासवाला किंवा त्याच्या पाण्याला हात लावला की साबणाने हात धुवा. त्यांच्या अंगावर साल्मोनेला असतो, लहान मुलांना तो भारी पडतो.

कंटाळा आला म्हणून हे कासव उल्हास नदीत किंवा गावच्या तळ्यात सोडू नका. लाल पट्ट्याचं कासव मूळ अमेरिकेतलं; आपल्याकडच्या कासवांचं खाणं आणि ऊन घेण्याच्या जागा ते बळकावतं.

डिसेंबर-जानेवारीत मला कासवाचे फोन जास्त येतात, विशेषतः बदलापूर-अंबरनाथहून. तिकडे पहाटे पारा दहा-बारा अंशांवर उतरतो. पाणी गार झालं की कासव खाणं सोडतं, तळाशी दगड होऊन बसतं. आधी पाण्यात थर्मामीटर घाला. हीटर लावून पाणी पंचवीस-सव्वीस अंशांवर आणल्यावर दोन दिवसांत खाऊ लागलं तर थंडीच होती. नाही खाल्लं तर आजार. लहान कासव पूर्ण वाढलेल्यापेक्षा लवकर खचतं.

जनावराचं वागणं बिघडतं तेव्हा निम्म्या वेळा दोष घरात असतो. आपलं शहर युद्धकाळातल्या सैनिकांच्या बराकींवर उभं राहिलं. सुभाष टेकडीवर काय किंवा लालचक्कीच्या मागच्या गल्ल्यांत काय, खोल्या लहान, वर पत्रा, आणि एप्रिल-मेमध्ये दुपारी आत भट्टी होते. ससा तीस अंशांच्या वर त्रासू लागतो, कारण त्याला घाम येत नाही; बहुतेक उष्णता कानांवाटे टाकायची असते. कान लालबुंद, आडवा पडून भराभर श्वास, तोंडाशी ओलावा, हे उष्माघाताचं लक्षण. कानांवर गार (बर्फाचं नव्हे) पाणी फिरवा, पंखा लावा, पाणी गोठवलेली बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवा आणि डॉक्टरांना फोन करा. बजी पंख अंगापासून लांब धरून चोच उघडी टाकून बसला तर त्यालाही उकडतं आहे. सावलीत हलवल्यावर दहा-पंधरा मिनिटांत चोच मिटली पाहिजे. गारव्यात बसूनही तोंडाने श्वास चालू असेल तर तो छातीचा आजार आहे.

हवेचं प्रकरण पक्ष्यांच्या बाबतीत फार नाजूक. त्यांच्या फुप्फुसांना जोडून हवेच्या पिशव्या असतात, श्वासातल्या हवेतला प्राणवायू ते आपल्यापेक्षा जास्त शोषून घेतात आणि तसंच विषही. पूर्वी कोळशाच्या खाणीत कॅनरी न्यायचे ते यासाठीच. २०१४ च्या नोव्हेंबरअखेर वालधुनीत रसायन ओतलं गेलं तेव्हा वडोल गावातल्या शेकडो माणसांना रुग्णालयात न्यावं लागलं होतं. अशा शहरात रात्री उग्र वास आला की आधी खिडकी लावून पिंजरा आतल्या खोलीत घ्या. घरातलं विष तर आपल्याच हातात आहे. मच्छर अगरबत्ती, धूप, रूम फ्रेशनर, डांबरगोळ्या पिंजऱ्याच्या खोलीत नकोत. नॉनस्टिक तवा गॅसवर रिकामा तापत राहिला तर त्याच्या धुराने पक्षी काही मिनिटांत मरतो. आपल्याला वाससुद्धा येत नाही. ताईंचा पिंजरा मी त्याच दिवशी स्वयंपाकघराच्या दारातून हलवायला लावला. पावसाळ्यात राळ्याला ओल लागून बुरशी येते, तीही छातीतच बसते. म्हणून एका वेळी आठवड्याचंच राळं आणा.

गणपतीत, नवरात्रात ढोल-डीजे गल्लीतून जातात आणि दिवाळीत फटाके. कॉकाटेल तर नुसत्या पालीच्या सावलीनेही रात्री दचकून पिंजऱ्यात आपटत सुटतो. त्याच्याजवळ रात्री झिरोचा दिवा ठेवा, पिंजऱ्यावर तीन बाजूंनी चादर घाला. ससा मागचा पाय जमिनीवर धाडकन आपटतो तो धोक्याचा इशारा. मिरवणूक गेल्यावर तासाभरात तो खायला लागला पाहिजे. नाही लागला तर वर सांगितलेले दहा-बारा तास तिथून मोजायला सुरुवात करा.

पिंजऱ्याचे गज चावत राहणं, एकाच रेषेत येरझाऱ्या घालणं, एकाच दिशेने डोकं फिरवत राहणं, याला लोक खोड म्हणतात. कोंडलेल्या जिवाचं ते दुखणं आहे. पिसं उपटणाऱ्या आफ्रिकन ग्रे पोपटाला गळ्यात पट्टा घालून उपटणं थांबवता येतं, पण त्याचं एकटेपण पट्ट्याने जात नाही. हा पक्षी चाळीस-पन्नास वर्षं जगतो, कोडी सोडवतो, माणसं ओळखतो, आणि सकाळी नवाला घर बंद करून सगळे कामावर गेले की रात्री आठपर्यंत भिंत बघत बसतो. आधी डॉक्टरांकडून त्वचा, यकृत, खाणं तपासून घ्या, कारण खाजेनेही पिसं उपटली जातात. काही सापडलं नाही तर दिवस बदला: दाणे वाटीत न देता कागदाच्या पुड्यांत बांधून द्या, चावायला कडुनिंबाची फांदी द्या, रोज तास-दोन तास बाहेर काढा, आणि रात्री दहा-बारा तास अंधार आणि झोप द्या. आपल्या घरांत टीव्ही बारापर्यंत चालतो, पिंजरा त्याच खोलीत असतो. अपुऱ्या झोपेने चिडलेला पक्षी चावरा ठरतो आणि मग विकायला निघतो. उजाडताना आणि मावळताना पंधरा-वीस मिनिटं ओरडणं मात्र पोपटजातीचा हक्क आहे. थव्याची हजेरी असते ती. शिट्टीने उत्तर द्या, ओरडून नको.

कमी दिसणाऱ्या पाहुण्यांबद्दल दोन शब्द. हेजहॉग नवा वास आला की तोंडाला फेस आणून तो स्वतःच्या काट्यांना फासतो, पिसाळलेला नसतो. इग्वाना शिंकून नाकातून पांढरं मीठ उडवतो, तेही ठीक. पण पाय थरथरणं, जबडा मऊ होणं म्हणजे हाडं विरघळायला लागली आहेत. हॅमस्टर दिवसा झोपतो आणि रात्री चाक फिरवतो; थंडीच्या पहाटे तो गार लागला तर मेला समजून पुरू नका, आधी ओंजळीत धरून ऊब द्या, मिशा हलतात का ते बघा. फ्लॉवरहॉर्न मासा खडे उकरतो, काचेतल्या प्रतिबिंबावर धावतो, तो त्याचा स्वभाव. पृष्ठभागाशी येऊन हवा गिळत राहणं हा पाण्याचा दोष. त्याच दिवशी एक तृतीयांश पाणी बदला.

कायद्याचं सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आपला देशी हिरवा पोपट, घरोघरचा मिठू, पाळणं वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे. पाठीवर चांदण्या असलेलं देशी कासवही तसंच. ते तर पहिल्या अनुसूचीत आहे. घरात असेल तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. परदेशी प्राण्यांपैकी आफ्रिकन ग्रे, सन कोन्युर, इग्वाना असे आंतरराष्ट्रीय यादीतले जीव असतील तर २०२४ च्या नियमांप्रमाणे ‘परिवेश’ या सरकारी पोर्टलवर नोंदणी करावी लागते. बजी, कॉकाटेल आणि गुलाबी चेहऱ्याचा लव्हबर्ड त्या यादीत नाहीत. नोंदणी राहिली आहे म्हणून आजारी पक्ष्याला डॉक्टरांकडे न नेणारी माणसं मला भेटली आहेत. असं करू नका.

पक्षी मलूल दिसला की पहिली मदत म्हणजे ऊब. पुठ्ठ्याच्या खोक्याला भोकं पाडा, तळाला सुती कापड घाला, एका बाजूला बाहेरून चाळीस वॅटचा जुना पिवळा बल्ब लावा, म्हणजे आत तीसेक अंश होतील. दुसरी बाजू गार राहू द्या, त्याला जास्त वाटलं तर सरकता यावं. उन्हाने मलूल झालेल्याला मात्र ऊब नको. ड्रॉपरने बळेच पाणी पाजू नका, ते श्वासनळीत जातं. हळद, ब्रँडी, माणसाच्या गोळ्यांचा चुरा, काही नको.

डॉक्टर निवडताना फोनवर सरळ विचारा, “पक्षी बघता का? ससा बघता का?” कुत्र्या-मांजरांचे उत्तम डॉक्टर आपल्या भागात आहेत, पण प्रत्येकाचा हात या जिवांवर बसलेला असेलच असं नाही, आणि चांगला डॉक्टर ते मोकळेपणाने सांगतो. हा प्रश्न जनावर धडधाकट असताना विचारून ठेवा. नाहीच कुणी मिळालं तर परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय आहे. विठ्ठलवाडीहून लोकलने तास-सव्वा तास लागतो, पण सकाळच्या गर्दीत पिंजरा घेऊन चढू नका. लहान खोक्यात, फडक्याने झाकून, दुपारी न्या. सोबत आदल्या दिवसाचा शीचा कागद, वही, पिंजऱ्याचा फोटो, आणि मोबाइलवर अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ घ्या. तपासणीच्या टेबलावर भीतीने तो ताठ बसतो, सगळी लक्षणं लपवतो. घरी दुरून काढलेल्या त्या अर्ध्या मिनिटात शेपटीचं हलणं दिसतं. तुम्हाला स्वतःला ताप आणि कोरडा खोकला येत असेल तर तुमच्या डॉक्टरांनाही सांगा की घरात पक्षी आहेत. पोपटजातीकडून माणसाला होणारा छातीचा एक आजार आहे आणि त्यावर औषध आहे.

घरी आणल्यावर पिंजरा होता तिथेच ठेवा, दांड्यांची मांडणी बदलू नका, फक्त त्या खाली उतरवा आणि दाणे-पाणी त्याच्या तोंडाशी येईल असं करा. कागद नवा घाला आणि पहिली शी किती वाजता पडली ते लिहून ठेवा. वजन रोज करा, एक ग्रॅम वाढला तरी नोंदवा. ताईंच्या मुलाने तसं केलं होतं. पाचव्या दिवशीच्या पानावर त्याने वजनाच्या खाली लिहिलं आहे: ‘सकाळी ६.१० ला ओरडला. सगळे उठले.’